पहिला चमचा

आमची सून सारिका गावाला अक्कल शिकवते, घरात मला एका शब्दानं विचारत नाही. आशाताई झाली म्हणून काय झालं? गावात हगवण लागली तशी साखर-मिठाचं पाणी पाजा म्हणत दारोदार फिरली. पाण्यानं जुलाब वाढतात, हे आम्हा सासवांना पक्कं ठाऊक. गल्लीत कुणी लेकराला थेंब दिला नाही. मीही नातवाला दिला नाही.

आज त्याचे डोळे खोल गेले. रडायचा, पण आसवं येईनात. सारिकानं वाद घातला नाही. गल्लीतल्या सासवांना अंगणात गोळा केलं आणि वाटी-चमचा माझ्या हाती दिला.

"आत्याबाई, मी चोरून पाजलं तर माझा एकटा वाचेल. तुम्ही यांच्यासमोर पाजलंत तर सगळी वाचतील."

आता पोर दगावलं तर माझ्याच हातून दगावणार होतं. तरी चमचा चमचा पाजत राहिले. ऊन कलताना मांडीला ऊब लागली. कालपासून कोरडं असलेलं लेकरू मुतलं होतं.

"लबाड आहेस," मी सुनेला म्हणाले. "ऊठ. शेजारच्या घरी मी बोलते, तू नुसती वाटी धर."