रोज सहा वेळा

जपानमधल्या कानाझावा शहरातल्या दोनशे वर्षं जुन्या चहागृहाची मालकीण शिझुनो रोज सहा वेळा गहिवरायची.

आधी तिची बालमैत्रीण किकुहा पंखा घेऊन नाचायची. मग शिझुनो हिरवा चहा घुसळून पाहुण्यांपुढे ठेवायची आणि बागेकडे बघत म्हणायची, "ही माणसं, हा चहा, ही दुपार... या जन्मी पुन्हा नाही." 'पुन्हा'वर तिचा आवाज नेमका फुटायचा. गुडघे मुडपून बसलेल्या पाहुण्यांच्या पायांना मुंग्या आणि डोळ्यांना धारा!

सरकत्या दारामागे किकुहा खुसखुसायची. "अगं, सकाळी दहाच्या खेपेलाही 'दुपार' म्हणालीस! आणि रडले की गं सगळे!"

त्या दिवशी शेवटची खेप उठून गेली, तेव्हा किकुहाने पंखा मिटून शिझुनोच्या हातात दिला. "गुडघे साफ संपले गं माझे. उद्या लेकाकडे निघाले, साप्पोरोला. आता कसली येतेय परत!"

शिझुनोने चहा घुसळला, वाटीची चांगली बाजू तिच्याकडे फिरवून पुढे ठेवली. इथे एकत्र काढलेल्या चाळीस वर्षांचं काय काय सांगायचं होतं, पण जिभेवर तीच वाक्यं बसलेली. "ही माणसं..." एवढं म्हणतानाच तिचा आवाज चिरकला आणि पुढचं काही आलंच नाही.

किकुहाने रीतीप्रमाणे शेवटचा घोट सुर्रकन ओढला आणि मान वर न करता म्हणाली,


"चुकलीस गं आज. आवाज 'पुन्हा'वर फुटायला हवा होता."