डावीकडची बाई

"बाबा, चाळीस लाख लोकांनी पाहिलाय!" मुलीनं फोन पुढे केला. स्पेनमधला निवृत्त सायकलपटू बेनितो स्वतःचाच तीस वर्षांपूर्वीचा व्हिडिओ बघू लागला.

तेव्हाची रीतच होती, शर्यत एखाद्या स्पर्धकाच्या गावातून गेली, की बाकीचे वेग कमी करून त्याला पुढे सोडत. घरच्यांना भेटून घे म्हणत. बेनितोलाही सोडलं. तो थांबलाच नाही. सुसाट सुटला नि जिंकला.

"काय डोकं लढवलंय पठ्ठ्यानं!" लोक लिहीत होते.

आईला नंतर निवांत भेटू, असं तेव्हा वाटलं होतं. पोचला तो थेट तिच्या मातीला.

एकानं विचारलं होतं, "डावीकडे हात पसरून उभी असलेली बाई कोण?"

"माझी आई. मी थांबेन असं तिला वाटलं," त्यानं लिहिलं.

मिनिटाभरात त्यावर हजार लाल बदाम पडले.