कडुलिंबाचा दोर

अक्कांच्या आखाड्यात मल्लखांबाचा दोर मारुतीसमोर टांगलेला, म्हणून पाळी आली की मुली चार दिवस घरीच बसत. सराव बुडायला नको, असं म्हणत अक्कांनी अंगणातल्या कडुलिंबाला दुसरा दोर बांधला. महिना झाला तरी त्याला कोणी हात लावला नाही. त्यावर चढणं म्हणजे अख्ख्या उज्जैनमध्ये दवंडी पिटणं. शलाकाची आई तर केबलवर नॅपकिनची जाहिरात लागली की चॅनल बदलायची. आज नेमकी शलाकाला पाळी आली आणि परवा इंदूरला निवड चाचणी. फाटकाशी ती घुटमळली, मग मनाचा हिय्या करून कडुलिंबाच्या दोरावर सरसर चढली. उलटं लटकून खाली पाहिलं, तर बाकीच्या सहाही मुली रांगेत उभ्या. “सगळ्यांना एकदमच?” तिनं विचारलं. “नाही गं,” मधुरा म्हणाली, “पण आता कोणाला आलीय, कळतंय? चल उतर, मेरा नंबर है.”