जागा करून ठेव

टेंपोतून उतरताच वाल्मिकचं डोकं फिरलं. अंगणात सडा होता, रांगोळी होती, नव्या गाडीच्या पूजेचं ताट घेऊन बायको उभी होती. फक्त बापाची गंजलेली फियाट नव्हती. "भंगारवाल्यानं इथंच कापून नेली," छाया हौसेने म्हणाली. "नवी येतेय, मग जुनी कशाला?" "नवी कुठाय गं? हा नुसता पत्रा हाय!" तो ओरडला. टेंपोतला तसल्याच फियाटचा सांगाडा त्याने वर्षभर हिंडून, कर्जतच्या फार्महाऊसवरून, आत बसलेल्या कोंबड्या हाकलून आणला होता. जुन्या गाडीचं इंजिन अजून चावी मारताच चालू व्हायचं. तेच यात बसवायचं होतं. "बापाचं इंजिन किलोच्या भावाने विकलंस!" "फोनवर तुमीच म्हनलात, बॉडी मिळाली, जागा करून ठेव." छायाचाही आवाज चढला. ताटातला नारळ उचलून वाल्मिकने टेंपोपुढे दाणकन आपटला. दोन शकलं झाली. छायाने सवयीने हात जोडले.