पत्र्याखालचा धावडा

पांगारा. धूर फार, राख फार, ऊब नाही.

भर पावसात अर्धं जळून राहिलेलं सरण.

पौष, सत्त्याऐंशी सालचा. बाजेवर कालच जन्मलेली पोर.

रेणुकाबाई बाजारहत्नूरच्या जंगलातून आली ती सालईची मोळी घेऊन. साग सरकारचा. कठीण, सावकाश जळणारा धावडा कधीचाच संपलेला. राहिलं ते पांगारा-सालईसारखं मऊ लाकूड, अन् त्यातही निवड करावी लागे. टिचकी मारली की खणखण वाजेल ते घ्यायचं, भद्द वाजेल ते सोडायचं. मान अवघडून जायची. पण मऊ लाकडाला रोजच जावं लागतं. सकाळची मोळी, संध्याकाळची राख.

घरामागे पत्र्याखाली मात्र धावडा रचलेला होता, वर्षानुवर्षं एकेक ओंडका करून जमवलेला. नवरा भिवाजी कितीतरी वर्षांपूर्वी श्रावणात गेला, तेव्हा ओल्या सालईचं सरण पुन्हा पुन्हा विझलं. दुसऱ्या दिवशी राख सावडताना जे दिसलं, ते रेणुकाबाईनं कोणाला सांगितलं नाही. आपलं तसं होऊ नये, एवढंच तिला हवं होतं. त्या ढिगाला कोणी हात लावायचा नाही. सून दमयंती चुलीपुढे डोळे पुसत टोमणा मारायची, "आत्याबाई, तुमची तयारी झाली, पन आमची भाकर कच्ची राहून राह्यली!"

आज दमयंती बाजेवर पोरीला पोटाशी धरून होती. पोर आठव्या महिन्यातच झालेली, ओठ निळसर. बाजेखालच्या शेगडीतले निखारे बघता बघता राख होत होते.

"सालईचा इंगळ टिकत नाही," सुईण बयनाबाई म्हणाली. "पोरगी गार पडून राह्यली."

रेणुकाबाईनं मोळी टाकली अन् न टेकताच मागे गेली. धावडा फोडल्याचा आवाज आला. ढलप्या घेऊन ती आली, तशी बयनाबाई दारात आडवी झाली.

"अवो, सरनाचं लाकूड बाळंतिनीच्या खोलीत? काऊन अपशकून करता?"

"मी मेली का अजून?" रेणुकाबाई म्हणाली. "मेल्यावर सरन. आज लाकूडच हाय ते. सरक."

दुपार कलली तरी शेगडी लाल होती. पोरीनं पहिल्यांदा जोर लावून दूध ओढलं.

महिनाभरात पत्र्याखालची जागा रिकामी झाली. रेणुकाबाई कुऱ्हाड घेऊन पुन्हा रोजच्या वाटेला लागली.

त्र्याण्णवच्या श्रावणात तिला सालईवरच ठेवलं. दमयंतीनं टिचकी मारून निवडलेली, दोन उन्हाळे त्याच पत्र्याखाली वाळवलेली सालई.