धूर नसलेलं जग

पडद्यावरची लाल रेघ अजून वर चढतच होती, तोच मालूचा हात वर गेला. समाजमंदिरात मागे बसलेली पोरं हसली. म्हातारी आता काय विचारणार!

"विचारा ना, आजी," श्रिया म्हणाली. ही डोंबिवलीचीच मुलगी, अरबी समुद्राच्या तापमानावर संशोधन करणारी. समुद्र का तापतोय, पाऊस असा वेड्यासारखा का कोसळतोय, मासळी कुठे चाललीय, हे कोपरच्या खाडीकाठच्या कोळ्यांना सांगायला आली होती. तिने संगणकात दोन जगं मांडली होती. एकात कोळसा आणि तेल जाळून हवेत साठत गेलेले वायू होते, दुसऱ्यात ते वाढलेच नव्हते. बाकी दोन्ही जगं सारखी. पहिल्यात लाल रेघ वर चढायची, समुद्र तापत जायचा, प्रत्यक्षात तापला तसाच. दुसऱ्यात निळी रेघ आडवी पडून राहायची. म्हणजे हे धुराचंच काम, असं श्रियाचं म्हणणं.

मालूची नजर त्या निळ्या रेघेवरून हलत नव्हती.

"बाय, त्या दुसऱ्या जगान मी हाय का?"

पुन्हा हशा झाला. श्रिया मात्र गोंधळली. "म्हणजे कसं, आजी?"

कसं ते मालू आजवर कुणाशी बोलली नव्हती. लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हाची गोष्ट. वाऱ्याने वाळत घातलेलं लुगडं उडालं, ते धरायला ती धावली आणि अंगणात पसरलेलं नवऱ्याचं जाळं ओलांडून गेली. बाईने जाळं ओलांडलं की मासळी रुसते, हे कोळ्याच्या पोरीला वेगळं शिकवावं लागत नाही. नवऱ्याने, दामाजीने, ओट्यावरून पाहिलं, पण तो काही बोलला नाही. पुढे खाडीतला जिताडा गेला, कोळंबी गेली, होडी विकावी लागली, मुलगा केतन घरोघरी पार्सलं पोचवू लागला. दर वेळी मालूला आपलाच पाय आठवायचा. एवढं होऊनही नवऱ्याने कधी एका शब्दाने बोल लावला नाही. असा देवमाणूस दिलास, म्हणून ती एकवीरा आईला रोज हात जोडायची.

ती उठून उभी राहिली. "मी जालं वलांडलं व्हतं," सगळ्यांदेखत म्हणाली. "त्या जगान पन वलांडलं का?"

आता कुणी हसलं नाही. म्हाताऱ्या बायकांनी तर पदर तोंडाशी धरले.

श्रियाने पडद्यावरच्या निळ्या रेघेकडे बोट दाखवलं. "हो, आजी. त्या जगात फक्त धूर वाढलेला नाही. बाकी सगळं हेच. तिथेही तुम्ही जाळं ओलांडलंत."

"आनि पानी?"

"नाही तापलं. खाडीत नाल्यांचं, कारखान्यांचं घाण पाणी येतं, ते दुखणं वेगळं. पण त्यातही तुमचा पाय कुठेच नाही."

मालू लहान पोरीसारखी रडली. मग पुढे जाऊन तिने श्रियाचे दोन्ही हात आपल्या डोळ्यांना लावले. "सुखी ऱ्हा, पोरी." इतकं हलकं तिला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. जागेवर येऊन ती शेजारी बसलेल्या दामाजीकडे वळली.

"तुमी मना कदी बोल लावला नाय वो. तुमचं उपकार कसं फेडू?"

दामाजी खाली मान घालून बसला होता.

"कुठल्या तोंडानं बोल लावू?" तो म्हणाला. "त्याच साली पावसाल्यान, मासेमारीच्या बंदीच्या दिसांत, नारली पुनवेला दर्याला नारल द्यायच्या आदी, मी चोरून पान्यान होडी घातलेली. मना वाटायचं, दर्या माझ्यावरच कोपलाय. तू ती मासली गुमान रांधलीस, कुठशी आनली ते इचारलंस पन नाय. जलमभर मीच तुझं उपकार मानत आलोय, मालू."