बेचाळिसावा अर्क

मेंढीच्या रक्तातल्या तांबड्या पेशी माणसाच्या पांढऱ्या पेशीभोवती चिकटल्या, की मायक्रोस्कोपखाली फुलासारखा आकार दिसे. पांढऱ्या पेशीच सांधे सुजवतात, तेव्हा त्यांचं हे चिकटणं रोखणारं औषध संधिवातावर चालेल, या आशेनं सोलापूरच्या मेडिकल कॉलेजच्या प्रयोगशाळेत चौऱ्याहत्तर साली शोध सुरू होता. वनस्पतींचे एकेचाळीस अर्क वाया गेले; बेचाळिसाव्यात फूलच दिसेना. डॉक्टरसाहेबांनी पेढे मागवले. टेक्निशियन जगदेवीनं मात्र स्लाइडवर निळ्या रंगाचा थेंब सोडला. जिवंत पेशी रंग घेत नाहीत. या सगळ्या निळ्या झाल्या. "साहेब, औषधानं चिकटणं रोखलं न्हाय, पेशीच मारल्यात. मेलेला माणूस कुणाचा हात धरंल?" "सोमवारपासून रुग्णांना द्यायचंय," साहेबांनी अहवाल सरकवला. "सही कर, नाहीतर नोकरी गेली समज." जगदेवीनं 'यशस्वी' खोडून 'विषारी' लिहिलं, ठसठशीत सही केली आणि कागद तडक डीनच्या टेबलावर ठेवला. सोमवारी तिची नोकरी गेली. पण औषध कुणाच्याच पोटात गेलं नाही.